कोदारी आणि रसुवागढी : हिमालयातील सीमापार रस्त्यांची आखणी

हिमालय ओलांडणाऱ्या वाटा नकाशावर शोधू लागले की बहुतेक ठिकाणी खिंडी सापडतात आणि त्या फार उंचावर असतात. सिक्कीममधील नथुला ४,३१० मीटरांवर आहे, काराकोरममधील खुंजेराब सुमारे ४,७०० मीटरांवर, तर कैलास-मानसरोवराच्या जुन्या यात्रामार्गावरील लिपुलेख पाच हजार मीटरांच्याही वर. नेपाळ-तिबेट सीमेवरील कोदारी मात्र या मालिकेत बसत नाही, कारण तेथील सीमा एखाद्या खिंडीवर नसून भोटेकोशी नदीच्या घळीत आहे आणि तिची उंची जेमतेम पावणेदोन हजार मीटर, म्हणजे मसुरी-सिमल्याहूनही कमी आहे. जगातील सर्वांत उंच पर्वतरांग इतक्या कमी उंचीवर ओलांडू देणारी जागा सापडल्यावर रस्ता बांधणाऱ्यांनी ती निवडली नसती तरच नवल. पण ज्या कारणामुळे ही वाट सोपी झाली, त्याच कारणामुळे ती पुनःपुन्हा मोडत राहिली आहे. डोंगराळ मुलखातून दोन देशांना जोडणारा रस्ता आखणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी या एका वाटेचा आणि तिच्या पश्चिमेकडील रसुवागढीच्या वाटेचा इतिहास पुरेसा आहे.

भोटेकोशीचा उगम तिबेटच्या बाजूला, मुख्य हिमशिखरांच्या उत्तरेस आहे, आणि तरीही ती दक्षिणेकडे वाहत येऊन ही शिखररांग आरपार कापते. भूवैज्ञानिक अशा नद्यांना पूर्ववर्ती नद्या म्हणतात, म्हणजे पर्वत उंचावत असताना ज्यांनी आपला प्रवाहमार्ग सोडला नाही आणि जमीन जितकी वर येत गेली तितका आपला तळ खोल कापत नेला, अशा नद्या. त्रिशूली, काली गंडकी आणि अरुण या नेपाळमधील इतर नद्यांच्या घळीही अशाच आहेत, आणि नेपाळ-तिबेट व्यापाराच्या जुन्या वाटा त्यांच्याच काठाने जात. मीठ, लोकर आणि धान्य वाहणारे भारवाहक व जनावरे अरुंद पायवाटेवरूनही जाऊ शकत, आणि एखादा कडा आडवा आला तर शेकडो मीटर चढून पलीकडे उतरणे त्यांना अशक्य नव्हते. मालमोटारीला ते जमत नाही, आणि रस्त्याच्या आखणीचे सगळे गणित येथून सुरू होते.

या गणितातील पहिली संज्ञा चढाव ही आहे. रस्ता शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर चढत असेल तर त्याचा चढाव पाच टक्के असतो. भारतीय रस्ते काँग्रेस ही भारतातील रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणारी संस्था डोंगराळ प्रदेशात सर्वसाधारण चढाव पाच टक्के ठेवावा, अडचणीच्या जागी सहा आणि अपवाद म्हणून सात टक्क्यांपर्यंत जावे, असे सांगते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की हजार मीटर उंची चढायची तर किमान वीस किलोमीटर लांबीचा रस्ता लागतो. दोन गावांमधील सरळ अंतर सहाच किलोमीटर असेल तर उरलेली लांबी डोंगराच्या अंगावर नागमोडी वळणे घेऊन निर्माण करावी लागते. वळणांनाही मर्यादा आहेत, कारण हेअरपिन वळणावर, म्हणजे रस्ता जेथे जवळजवळ उलटा फिरतो तेथे, लांब मालमोटार वळू शकेल इतकी त्रिज्या हवी आणि त्या वळणापुरता चढाव जवळपास सपाट, अडीच टक्क्यांहून कमी हवा. साहजिकच उभ्या कड्यावर असे वळण बसवण्यासाठी बरीच मोठी जागा कापावी लागते, आणि एकाच उतारावर एकाखाली एक अशी अनेक वळणे आली तर वरच्या वळणाची दरड खालच्या प्रत्येक वळणावर येते.

कोदारीचा मार्ग या कसोटीवर विलक्षण सोयीचा होता. काठमांडूहून निघालेला रस्ता धुलिखेलची टेकडी ओलांडून दोलालघाटला सुमारे साडेसहाशे मीटर उंचीपर्यंत उतरतो आणि तेथून सुनकोशी व तिला मिळणाऱ्या भोटेकोशीच्या काठाने हळूहळू चढत सीमेवर पोहोचतो. या साऱ्या प्रवासात त्याला एकही हिमाच्छादित खिंड लागत नाही. खरी चढण सीमेपलीकडे आहे : कोदारीच्या पुलापासून खासामार्गे, ज्याला चिनी भाषेत झांगमू म्हणतात, न्यालमपर्यंतच्या सुमारे ४० किलोमीटरांत रस्ता जवळजवळ दोन हजार मीटर चढतो, आणि त्यानंतर पाच हजार मीटरांहून उंच खिंडी ओलांडून तो तिबेटच्या पठारावर जातो. सह्याद्रीचे घाट परिचित असलेल्या वाचकाला येथे एक भेद लक्षात ठेवावा लागेल. कोकणातून देशावर येणारा घाट एकदाच काय ती सहा-सातशे मीटरांची भिंत चढतो आणि मग पठार लागते, शिवाय ती भिंत बऱ्याच अंशी घट्ट काळ्या कातळाची असते. हिमालयात एकामागून एक रांगा येतात, आणि खडक तरुण, दुमडलेला व भेगाळलेला असतो.

हा मार्ग बांधण्याचा निर्णय अर्थातच केवळ अभियंत्यांचा नव्हता. नेपाळचे राजे महेंद्र ऑक्टोबर १९६१ मध्ये चीनच्या दौऱ्यावर गेले असता तेथे सीमाकरारही झाला आणि या रस्त्याचा करारही झाला. सुमारे ११५ किलोमीटरांचा हा रस्ता चीनच्या मदतीने बांधून १९६७ मध्ये खुला करण्यात आला आणि त्याला तेराव्या शतकात कुबलाई खानाच्या दरबारी गेलेल्या अरनिको या नेपाळी कलावंताचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी १९५६ मध्ये भारतीय अभियंत्यांनी काठमांडूला तराईशी, म्हणजे भारताच्या दिशेला, जोडणारा त्रिभुवन राजपथ पूर्ण केला होता. दोन मोठ्या शेजाऱ्यांमध्ये असलेल्या देशाने एका बाजूचा रस्ता झाल्यावर दुसऱ्या बाजूचाही करून घ्यावा यात आश्चर्य नाही. सीमापार रस्त्याच्या आखणीत कोणत्या दिशेला जायचे हे राजकारण ठरवते, आणि डोंगर फक्त ते किती महाग पडेल हे सांगतो.

त्रिभुवन राजपथ आणि अरनिको राजमार्ग यांच्या आखणीतील फरक मात्र निव्वळ अभियांत्रिकीचा आहे आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. त्रिभुवन राजपथ महाभारत रांग ओलांडताना सुमारे अडीच हजार मीटर उंचीपर्यंत चढतो. त्यात असंख्य वळणे आहेत, धुके आहे आणि हिवाळ्यात क्वचित बर्फही. उंच धारेवरून किंवा धारेजवळून जाणाऱ्या अशा रस्त्याला मोठ्या नद्या ओलांडाव्या लागत नाहीत, त्याच्या वर डोंगराचा फारसा भाग उरलेला नसल्याने दरडींचे प्रमाण कमी असते आणि पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना निघून जाते. परंतु चढउतार प्रचंड असल्याने इंधन आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. पुढे पृथ्वी राजमार्ग आणि नारायणगढ-मुग्लिन रस्ता हे नदीकाठाने जाणारे मार्ग तयार झाले, तेव्हा तराईतून काठमांडूला जाणाऱ्या अवजड मालमोटारींनी अंतर जास्त असूनही तोच मार्ग पसंत केला, कारण मालमोटारीच्या चालकाला किलोमीटरपेक्षा चढाव महत्त्वाचा असतो. नदीकाठच्या या सोयीची किंमत पावसाळ्यात चुकवावी लागते. १२ जुलै २०२४ रोजी चितवन जिल्ह्यात सिमलताल येथे दरडीने दोन प्रवासी बस रस्त्यावरून त्रिशूलीत ढकलल्या आणि त्यांतील साठांहून अधिक प्रवासी नदीत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस काठमांडूच्या जवळ धादिंग जिल्ह्यात अडकून पडलेली वाहने दरडीखाली गाडली गेली.

दरीच्या तळाशी असलेल्या रस्त्यावर सर्व बाजूंची संकटे येऊन पडतात, कारण वरच्या उतारावरून सुटलेली प्रत्येक गोष्ट, मग ती माती असो, दगड असो की पाणी, शेवटी तळाशीच येते. याउलट नदी खालून रस्त्याचा पायथा पोखरत असते. वळणाच्या बाहेरच्या काठावर प्रवाहाचा जोर अधिक असतो, तेथील माती निघून गेली की वरचा उतार आधार गमावतो आणि रस्त्यासकट खाली सरकतो. म्हणूनच अनुभवी आखणीकार नदीच्या कोणत्या काठाने जायचे याचा निर्णय केवळ गावे कोठे आहेत यावरून घेत नाही. खडकाचे थर कोणत्या दिशेला कललेले आहेत हे तो आधी पाहतो. थर डोंगराच्या आतल्या बाजूला कललेले असतील तर कापलेली बाजू बरीच उभी राहू शकते. ते दरीकडे कललेले असतील तर रस्त्यासाठी पायथा कापताच वरचे थर घसरू लागतात. समोरासमोरच्या दोन काठांवर ही स्थिती नेमकी उलट असते, आणि अशा वेळी एखादा जास्तीचा पूल बांधून काठ बदलणे हे पुढची पन्नास वर्षे दरड उपसत बसण्यापेक्षा स्वस्त पडते. कोदारीच्या परिसरात आणखी एक गुंतागुंत आहे. हिमालयातील मुख्य मध्यवर्ती प्रभ्रंश, म्हणजे खडकाची एक प्रचंड पाटी दुसरीवर सरकत आल्याची भेग, याच भागातून जाते. सीमेजवळच्या तातोपानी येथील गरम पाण्याचे झरे त्या भेगांचीच साक्ष देतात, आणि खुद्द खासा हे गाव एका प्राचीन भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावर वसले आहे.

अशा मुलखात मार्ग प्रत्यक्ष कसा शोधला जातो, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आधी अनिवार्य बिंदू ठरतात, म्हणजे जेथून गेल्याशिवाय गत्यंतर नाही अशा जागा : खिंड, पुलासाठी अरुंद व भक्कम काठ, सीमेवरील ठाणे, मोठे गाव. नंतर या बिंदूंमध्ये ठरलेल्या चढावाची रेषा डोंगरावर आखत जायची असते. पूर्वी हे काम घाट ट्रेसर नावाच्या साध्या उपकरणाने होई, ज्यात वजनाने समतोल राहणाऱ्या नळीतून समोरच्या खुणेकडे पाहून चढाव मोजतात, आणि त्या रेषेवर मीटरभर रुंदीची पायवाट कापून मग सविस्तर मोजणी करीत. आज उपग्रहचित्रे आणि विमानातून लेसरने केलेले मोजमाप यांमुळे झाडीखालची जमीनही दिसते आणि जुन्या भूस्खलनांच्या अर्धवर्तुळाकार खुणा घरबसल्या ओळखता येतात. तरीही चालून पाहण्याला पर्याय नाही. वाकडी झालेली झाडे, भर उन्हाळ्यात ओलसर राहणारा उतार, भात लावलेली वरची खाचरे आणि त्यांतून झिरपणारे पाणी या गोष्टी पायी फिरणाऱ्याला आणि त्या गावच्या म्हाताऱ्याला ठाऊक असतात, यंत्राला नसतात.

रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न सामान्यतः चर्चेत मागे पडतो, पण डोंगरात तो सर्वांत खर्चिक आणि सर्वांत धोकादायक ठरू शकतो. उतरत्या डोंगरात संपूर्ण रस्ता आतल्या बाजूला कापून काढायचा असेल तर रुंदीच्या प्रमाणात कापलेल्या भिंतीची उंचीही वाढते, आणि म्हणून उपसाव्या लागणाऱ्या मातीदगडांचे आकारमान रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साडेपाच मीटरांऐवजी दहा मीटर रुंद रस्ता करायचा तर रुंदी दुपटीहून कमी वाढते, पण उपसा तिपटीहून अधिक होतो. उत्तराखंडमधील चारधाम रस्त्यांच्या वादाच्या मुळाशी हेच आकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये साडेपाच मीटरांची मर्यादा घातली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेकडील सैन्याच्या गरजा लक्षात घेऊन दुपदरी, सुमारे दहा मीटर रुंदीच्या रस्त्यांना परवानगी दिली. संरक्षणाची गरज खरी आहे हे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की पावसाळ्यात दरडीखाली बंद पडणारा रुंद रस्ता सैन्याला अरुंद पण चालू रस्त्याइतका उपयोगी नसतो. उपसलेला ढिगारा दरीत लोटून देण्याची सवय तर आणखी वाईट, कारण तो ढिगारा खालची झाडी मोडतो, नदीचे पात्र भरतो आणि पुढच्या पुरात दुसऱ्याच्या रस्त्यावर जाऊन बसतो.

अरनिको राजमार्गाला रुंदीने मारले नाही. त्याला वरून आलेल्या गोष्टींनी मारले. ११ जुलै १९८१ रोजी तिबेटच्या हद्दीतील झांगझांगबो या उपनदीच्या उगमाजवळचे हिमसरोवर फुटले. हिमनदी मागे सरकताना तिने आणलेल्या दगडमातीचा जो बांध तयार होतो त्याला हिमोढ म्हणतात, आणि अशा बांधामागे साठलेले पाणी बांध फोडून एकदम बाहेर पडते तेव्हा येणारा पूर पावसाच्या पुराहून कितीतरी अधिक उग्र असतो. या पुराने सीमेवरील मितेरी पूल वाहून नेला आणि सुनकोशी जलविद्युत प्रकल्पाच्या बांधापर्यंत राजमार्गाचे अनेक तुकडे नाहीसे केले. रस्ता नेपाळचा होता. ते सरोवर चीनमध्ये होते. नेपाळच्या बाजूला कितीही भक्कम संरक्षक भिंत बांधली असती तरी तिला त्या सरोवराची खबर नव्हती.

त्यानंतर रस्ता पुन्हा बांधला गेला आणि तीस वर्षे व्यापार वाढत राहिला. काठमांडूमार्गे कैलास-मानसरोवराला जाणारे भारतातील, त्यांत महाराष्ट्रातील, अनेक यात्रेकरू याच पुलावरून खासात शिरत. २ ऑगस्ट २०१४ रोजी सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील जुरे येथे अख्खा डोंगरउतार सुनकोशीत कोसळला, १५६ माणसे मरण पावली, नदी अडून तिचे सरोवर झाले आणि राजमार्ग त्याखाली बुडाला. महिनाभराने, सप्टेंबरमध्ये, तो नैसर्गिक बांधही फुटला. पर्यायी कच्चा रस्ता काढून वाहतूक कशीबशी सुरू होत होती, तोच २५ एप्रिल आणि १२ मे २०१५ च्या भूकंपांनी सारी दरी खिळखिळी केली. चीनने खासातील रहिवाशांना हलवले आणि सीमा बंद केली. ५ जुलै २०१६ रोजी पुन्हा एक हिमसरोवर फुटले. हे सरोवर १९८१ च्या तुलनेत अगदी लहान, सुमारे एक लाख घनमीटर पाण्याचे होते, तरीही वाटेतील मोठमोठे दगड हलवत त्या पुराने काठ खरवडून काढले, ताजे उतार खाली आणले आणि ४५ मेगावॅटच्या अप्पर भोटेकोशी वीजप्रकल्पाचे व सीमेलगतच्या वस्तीचे मोठे नुकसान केले. तातोपानीचे ठाणे मालवाहतुकीसाठी पुन्हा उघडले ते मे २०१९ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी.

या चार वर्षांत नेपाळचा उत्तरेकडील व्यापार रसुवागढीकडे वळला. त्रिशूलीच्या खोऱ्यातील ही वाटही नवी नाही. १७९२ मध्ये चिंग साम्राज्याचे सैन्य तिबेटमधील केरुंगहून याच वाटेने नेपाळमध्ये उतरले होते. स्याफ्रुबेसीपासून सीमेपर्यंतचा रस्ता चीनच्या मदतीने बांधण्यात आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये केरुंगचे ठाणे व्यापारासाठी खुले झाले. येथेही सीमा नदीच्या घळीत, सुमारे १,८५० मीटर उंचीवर आहे आणि केरुंगचे गाव तेथून २०-२५ किलोमीटरांवर आहे. सप्टेंबर २०१५ पासून काही महिने भारत-नेपाळ सीमेवरील मालवाहतूक ठप्प झाली, तेव्हा इंधनासाठी उत्तरेकडे पाहणाऱ्या नेपाळपुढे प्रत्यक्षात हाच एक अरुंद, भूकंपाने जर्जर झालेला रस्ता उरला होता. मार्च २०१६ मध्ये चीनशी पारगमन करार झाला, पण करारावर सही करणे आणि त्याला पुरेल असा रस्ता असणे यांतील अंतर त्या हिवाळ्याने दाखवून दिले होते.

येथे आखणीशास्त्रातील एका महत्त्वाच्या कल्पनेकडे वळावे लागते. एका मार्गाला दुसरा पर्यायी मार्ग असावा, हे कोणीही मान्य करील. परंतु दोन मार्ग एकमेकांचे खरे पर्याय तेव्हाच ठरतात जेव्हा एकाला बंद पाडणारे कारण दुसऱ्याला त्याच वेळी बंद पाडत नाही. कोदारी आणि रसुवागढी हे दोन्ही मार्ग एकाच भूकंपपट्ट्यात, एकाच प्रकारच्या घळींत, एकाच मोसमी पावसाखाली आणि तिबेटमधील एकाच प्रकारच्या हिमसरोवरांच्या खाली आहेत. नकाशावर ते दोन असले तरी जोखमीच्या हिशेबात ते दीडच भरतात. २०१५ च्या भूकंपाने दोन्ही बंद पडले होते. आणि ८ जुलै २०२५ रोजी रसुवागढीलाही कोदारीचीच गत झाली : ल्हेंदे खोला या नदीला आलेल्या पुराने तेथील मितेरी पूल वाहून गेला, सीमेवरील मालतळावर उभ्या असलेल्या मालमोटारी, कंटेनर आणि आयात केलेल्या विजेच्या मोटारी नदीत गेल्या. नेपाळच्या बाजूला त्या वेळी असा पूर यावा इतका पाऊस नव्हता. उपग्रहचित्रांच्या अभ्यासावरून हा पूर तिबेटमधील एका हिमनदीच्या पृष्ठभागावर साठलेले पाणी अचानक रिते झाल्याने आला, असा निष्कर्ष काठमांडूस्थित आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतविकास केंद्राने काढला. हिमनदीच्या पाठीवरची अशी तळी काही महिन्यांत तयार होतात आणि नाहीशी होतात, त्यामुळे धोकादायक सरोवरांच्या जुन्या यादीत ती सापडतही नाहीत.

सीमा नसती तर यावर उपाय तुलनेने सोपा होता. वरच्या भागात पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे बसवायची, ती धोक्याची सूचना काही मिनिटांत खाली पाठवतील अशी व्यवस्था करायची आणि पूल व मालतळ रिकामे करायचे. सरोवर आणि पूल यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली, की यंत्र एका देशाचे, माहिती त्या देशाच्या खात्याची आणि बुडणारी माणसे दोन्ही देशांची, अशी स्थिती होते. रस्ते बांधण्याच्या करारांत पुलाची लांबी, खर्चाचा वाटा आणि उद्घाटनाचा दिवस यांवर बारकाईने चर्चा होते; पाण्याच्या पातळीची माहिती कोण, कोणाला, किती वेळात देणार हे मात्र बहुधा दुय्यम मानले जाते. हिमालयातील सीमापार रस्त्यांच्या आखणीतील सर्वांत मोठी त्रुटी खडकात किंवा काँक्रीटमध्ये नसून येथे आहे.

युरोपला हाच धडा वेगळ्या प्रकारे, पाण्याऐवजी आगीतून, मिळाला. फ्रान्स आणि इटली यांच्यामधील माँ ब्लाँ बोगदा १९६५ मध्ये खुला झाला. तो ११.६ किलोमीटर लांब असून आल्प्सच्या सर्वोच्च पर्वतसमूहाखालून जातो, त्यामुळे हिम, चढाव आणि दरडी हे तिन्ही प्रश्न तेथे एकदम सुटले होते. परंतु बोगद्याचा अर्धा भाग फ्रेंच कंपनीकडे आणि अर्धा इटालियन कंपनीकडे होता, दोन टोकांना दोन नियंत्रण कक्ष होते. २४ मार्च १९९९ रोजी आत एका मालमोटारीने पेट घेतला तेव्हा धूर कोणत्या बाजूला ढकलायचा आणि वाहने कोणी थांबवायची यांत एकवाक्यता राहिली नाही आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर २००२ मध्ये बोगदा उघडला तो एकाच संयुक्त संस्थेच्या ताब्यात, एका नियंत्रण कक्षासह, आणि २००४ मध्ये युरोपीय संघाने लांब बोगद्यांसाठी किमान सुरक्षेचे सामायिक नियम केले. पर्वताच्या पोटात सीमारेषा काढता येते, पण धूर ती पाळत नाही, हे उशिरा का होईना तेथे मान्य झाले. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरील ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या महामार्गाने तर घळीचा तळ आणि उंच धार हे दोन्ही टाळून मधली वाट काढली : उताराच्या मध्यावरून जाणारा रस्ता आणि दऱ्यांवरून नेणारे पूल, ज्यांतील १९६३ मध्ये पुरा झालेला युरोपा पूल तळापासून सुमारे १९० मीटर उंच आहे. अर्थात ब्रेनरची खिंड मुळात १,३७० मीटरांवर आहे आणि त्यामागे दोन श्रीमंत देशांची तिजोरी होती; नेपाळने तसेच करावे असा सल्ला देणे सोपे आहे, त्याचे पैसे भरणे नाही.

सीमेवरील आणखी काही प्रश्न किरकोळ वाटतात, पण आखणीत जागा मागतात. नेपाळमध्ये वाहने डावीकडून चालतात आणि चीनमध्ये उजवीकडून, त्यामुळे पुलाच्या एका टोकाला मार्ग बदलण्याची सोय लागते. नेपाळचे घड्याळ चीनच्या घड्याळापेक्षा सव्वादोन तास मागे आहे, म्हणून दोन्ही जकात कार्यालये एकाच वेळी उघडी असण्याचा काळ आक्रसतो. दोन्ही देशांत मालमोटारीच्या आसावर किती भार चालतो याचे नियम वेगळे असले की माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो, आणि त्यासाठी सपाट जागा हवी असते. घळीत सपाट जागा मिळते ती बहुधा नदीलगतच्या जुन्या गाळाच्या पायरीवर, म्हणजे पूर्वी कधीतरी पूर जेथे पोहोचला होता नेमक्या त्याच ठिकाणी. रसुवागढीचा मालतळ पुराच्या तोंडी होता याचे कारण निष्काळजीपणा इतकेच नव्हते. तेवढी सपाटी दुसरीकडे सहजासहजी नव्हती. मालतळ दहा-वीस किलोमीटर मागे, रुंद खोऱ्यात नेऊन सीमेवर फक्त तपासणीची चौकी ठेवणे हा त्यावरचा शहाणपणाचा मार्ग आहे, जरी त्यामुळे सीमेवरील हमालांची आणि दुकानदारांची रोजी जाते आणि त्यांचा विरोध स्वाभाविक ठरतो.

नेपाळने आता तिसऱ्या वाटेकडे लक्ष वळवले आहे. मुस्तांग जिल्ह्यातील कोरला हे ठाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये खुले करण्यात आले. कोरला सुमारे ४,६६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आरंभी सांगितलेल्या उंच खिंडींच्याच पंक्तीतले. पण ते हिमशिखरांच्या उत्तरेला, पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात असल्याने तेथे मोसमी पाऊस फारसा पोहोचत नाही, भूमी पठारासारखी सौम्य उताराची आहे आणि खिंडीपर्यंतचा चढ मालमोटारीला झेपतो. हिवाळ्यातील बर्फ, विरळ हवेत घटणारी इंजिनांची ताकद आणि चालकांना होणारा त्रास हे तोटे आहेत, तरी कोदारी आणि रसुवागढी ज्या कारणांनी बंद पडतात त्या कारणांनी हे ठाणे बंद पडण्याचा संभव कमी, आणि म्हणून पर्यायाच्या व्याख्येत ते अधिक चांगले बसते. मात्र सीमेवरची अडचण टळली तरी तिच्यापर्यंत जाण्याची टळत नाही. कोरलाला जाणारा रस्ता बेनीहून जोमसोमकडे चढताना धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधील काली गंडकीच्या घळीतूनच जातो, आणि पावसाळ्यात तो बंद पडतो तेव्हा दरड सीमेवर कोसळलेली नसते, तर कितीतरी किलोमीटर खाली, या घळीत कोसळलेली असते.